गेर्निकाची बातमी

दूरच्या देशात यादवी पेटते, कुठल्याशा गावात माणसे मारली जातात, आणि दोन-तीन दिवसांनी आपल्या हाती पडणाऱ्या वर्तमानपत्रात त्या प्रकाराच्या दोन हकीकती असतात. एक पक्ष म्हणतो, हे शत्रूचे कृत्य. दुसरा म्हणतो, त्यांनी आपले घर आपणच जाळले आणि आळ आमच्यावर घातला. आपण दोन्ही वाचतो, ‘खरे काय ते देव जाणे’ असे म्हणतो आणि पान उलटतो. हे ‘देव जाणे’ आम्हांस वाटते तितके निरुपद्रवी नाही. ते वाचकाच्या तोंडून यावे म्हणून पुष्कळ खटपट केली जाते. त्यावर सरकारे आपली धोरणे उभारतात. ही खटपट कशी चालते हे पाहावयाचे असेल तर १९३७ सालच्या गेर्निकाच्या बातमीइतके चांगले उदाहरण आम्हांस दुसरे ठाऊक नाही; कारण त्या बातमीची तपासणी पुढे चाळीस वर्षे चालली आणि तिचा जवळजवळ प्रत्येक धागा उकलला गेला.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. स्पेनमध्ये १९३६ च्या फेब्रुवारीत डाव्या व उदारमतवादी पक्षांची आघाडी निवडणूक जिंकून अधिकारावर आली. जुलैत सेनापतींनी तिच्याविरुद्ध बंड केले आणि देशाचे दोन तुकडे झाले. बंडाची सूत्रे लवकरच जनरल फ्रँको याच्या हाती आली. हिटलर व मुसोलिनी यांनी त्याला विमाने, तोफा आणि माणसे पुरविली. सरकारच्या मदतीस रशिया आला. इंग्लंड आणि फ्रान्स यांनी स्पेनच्या भांडणात कोणीच हात घालू नये असा करार पुढे केला आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी लंडनला एक समिती बसली. जर्मनी, इटली व रशिया हे तिघेही या समितीचे सभासद होते, आणि तिघांचीही शस्त्रे स्पेनच्या बंदरांत उतरत होती. चोरांनाच गस्तीवर नेमावे तसा हा प्रकार.

फ्रँकोचा पक्ष आपल्या लढ्यास धर्मयुद्ध म्हणवीत असे, आणि या म्हणण्यास अगदीच आधार नव्हता असे नाही. सरकारी मुलखात, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, पाद्री व जोगिणी यांची जी कत्तल झाली तिचा एकूण आकडा साडेसहा हजारांच्या वर जातो. परंतु उत्तरेकडील बास्क लोकांनी या धर्मयुद्धाच्या भाषेची मोठीच अडचण करून ठेवली होती. बास्क म्हणजे स्पेनमधील अत्यंत श्रद्धाळू कॅथलिक. त्यांच्या मुलखात चर्च उघडी होती, प्रार्थना चालू होत्या, आणि तरीही ते सरकारच्या बाजूने लढत होते, कारण सरकारने १९३६ च्या ऑक्टोबरात त्यांस स्वायत्तता दिली होती. १९३७ च्या मार्चअखेर जनरल मोला याने या प्रांतावर स्वारी केली, आणि शरण न आल्यास विझकाया प्रांत जमीनदोस्त करीन अशी धमकी आधीच देऊन ठेवली.

स्वारीच्या पहिल्याच दिवशी, ३१ मार्च रोजी, दुरांगो या गावावर बॉम्ब पडले. सकाळची उपासना चालू असता चर्चची छपरे कोसळली. अडीचशेच्या वर माणसे मेली आणि त्यांत वेदीपुढे उभे असलेले पाद्रीही होते. सेव्हिलच्या नभोवाणीवरून लगेच सांगण्यात आले की, पाद्र्यांना ‘लाल’ लोकांनीच मारले. दुरांगोचे नाव आज किती जणांनी ऐकलेले असेल? मृतांची संख्या लहान नव्हती, प्रसंग कमी भीषण नव्हता. परंतु त्या रात्री तेथे मोठ्या वर्तमानपत्राचा बातमीदार नव्हता. पुढील हकीकत वाचताना हे दुरांगो वाचकांनी ध्यानात ठेवावे.

गेर्निका हे बिल्बाओपासून सुमारे वीस मैलांवरचे गाव, आघाडीच्या पिछाडीस. वस्ती पाच-सात हजारांची. त्यात निर्वासितांची भर पडलेली. बास्कांच्या दृष्टीने मात्र ते केवळ गाव नव्हते. तेथील ओक वृक्षाखाली बास्कांच्या जुन्या सभा भरत आणि स्पेनचे राजे त्यांच्या हक्कांना धक्का न लावण्याची शपथ तेथेच वाहत. २६ एप्रिल १९३७ रोजी सोमवार होता, म्हणजे गेर्निकाच्या बाजाराचा वार. दुपारी साडेचारच्या सुमारास चर्चची घंटा वाजली आणि पहिले विमान आले. त्यानंतर तीन तासांहून अधिक काळ लाटांमागून लाटा येत राहिल्या. आधी घरे फोडणारे जड बॉम्ब, मग फुटक्या घरांत आग लावणारे अॅल्युमिनियमचे हलके बॉम्ब, आणि मधून मधून शेतांकडे पळणाऱ्या माणसांवर खाली उतरून मशीनगनचा मारा. विमाने जर्मनीच्या काँडोर दलाची होती, काही इटलीची. गावातील बहुतेक इमारती जळाल्या. हल्ला ज्या पुलासाठी केला असे पुढे सांगण्यात आले तो पूल शाबूत राहिला, गावाबाहेरील शस्त्रांचा कारखानाही शाबूत राहिला. तो ओक वृक्षही वाचला.

त्या रात्री बिल्बाओच्या एका हॉटेलात चार परदेशी बातमीदार जेवावयास बसले होते: लंडनच्या ‘टाइम्स’चा जॉर्ज स्टियर, ‘डेली एक्स्प्रेस’चा नोएल मंक्स, रॉयटरचा ख्रिस्तोफर होम आणि पॅरिसच्या ‘स स्वार’चा मातिय कोर्मान. गेर्निका जळत असल्याचे कळताच ते मोटारीने निघाले व मध्यरात्रीच्या आत गावाशी पोहोचले. आकाश मैलोगणती लाल दिसत होते. स्टियरने इतरांप्रमाणे घाईने तार केली नाही. रात्री त्याने वाटेवर भेटलेल्या लोकांशी बोलणे केले, दुसऱ्या दिवशी बिल्बाओस आलेल्या निर्वासितांना पुन्हा गाठले, न फुटलेल्या बॉम्बांची आवरणे पाहिली, त्यांवरील जर्मन गरुडाचा शिक्का टिपून घेतला आणि मग मजकूर पाठविला. २८ एप्रिलच्या ‘टाइम्स’मध्ये आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये तो छापून आला.

या मजकुराचे बळ कशात होते? आम्हांस वाटते, विशेषणे कमी असण्यात. विमाने कोणत्या जातीची, बॉम्ब किती वजनाचे, कोणत्या क्रमाने पडले, लष्करी दृष्ट्या महत्त्वाचे काय होते आणि ते कसे अभंग राहिले, हे त्यात होते. स्टियरची सहानुभूती बास्कांकडे होती यात संशय नाही. वर्षभरात त्याने त्यांच्याविषयी सबंध पुस्तक लिहिले. पण सहानुभूती असणे निराळे आणि डोळ्यांवर पट्टी असणे निराळे. ‘टाइम्स’चे मोल आणखी एका कारणाने होते. ते काही डाव्यांचे पत्र नव्हते. त्याचे संपादक जेफ्री डॉसन हे जर्मनीशी जमवून घेण्याच्या मताचे. जर्मनांचे मन दुखावेल असे काही छापले जाऊ नये म्हणून आपण झटतो, असे त्यांनी त्याच मे महिन्यात एका खासगी पत्रात लिहिले आहे. अशा पत्राने ही बातमी छापली म्हणूनच बर्लिनला ती झोंबली. नाझी पत्रे इतकी चवताळली की, ‘टाइम्स’ हे नाव रोमन अक्षरांत उलटे वाचल्यास ‘सेमिट’ होते, हा शोध त्यांनी लावला! पुरावा खोडता आला नाही की नावाची अक्षरे उलटी करण्यापर्यंत मजल जाते.

आता नकाराची कथा. ती अधिक बोधप्रद आहे. सालामांका येथे फ्रँकोचे वृत्तखाते होते आणि त्यावर लुइस बोलिन नावाचा अधिकारी होता. परदेशी बातमीदार त्याला टरकून असत. याच गृहस्थाने फेब्रुवारीत मालागा येथे आर्थर कोस्लर या पत्रकारास पिस्तूल रोखून पकडले होते. २७ तारखेस सालामांकाहून सांगण्यात आले की, हवा खराब असल्यामुळे आमची विमाने उडालीच नाहीत. हवा खराब होती ती २७ ची. बॉम्ब पडले २६ ला. हा खुलासा टिकणारा नव्हता, म्हणून लगोलग दुसरा आला: माघार घेणाऱ्या ‘लाल’ लोकांनी पेट्रोल ओतून आणि सुरुंग लावून गाव स्वतःच जाळले.

ही थाप साधी नव्हती. तिच्या मुळाशी एक खरी गोष्ट होती. १९३६ च्या सप्टेंबरात इरून हे सीमेवरचे गाव सोडताना सरकारपक्षाच्या अराजकवाद्यांनी खरोखरच त्यातील बराच भाग पेटवून दिला होता. ‘इरून जाळणारे गेर्निका का जाळणार नाहीत?’ हा प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उभा राहावा अशी ती रचना होती. २९ एप्रिलला फ्रँकोच्या सैन्याने गेर्निका घेतले, आणि मग आपल्या बाजूच्या बातमीदारांना तेथे देखरेखीखाली फिरविण्यात आले. जळक्या भिंती दाखविल्या; बॉम्बचे खड्डे फार कोठे आहेत, असे विचारले. फ्रान्सच्या हवास वृत्तसंस्थेने ही हकीकत जगभर पाठविली. खुद्द ‘टाइम्स’नेही मेच्या पहिल्या आठवड्यात फ्रँकोच्या बाजूकडील आपल्या दुसऱ्या बातमीदाराचा संशयाने भरलेला मजकूर छापला. अशा रीतीने एकाच पत्रात दोन हकीकती झाल्या, आणि दोहोंना सारखाच टाइप मिळाला.

सालामांकाच्या अधिकाऱ्यांना लोकांनी आपल्यावर विश्वास ठेवावा एवढी मोठी अपेक्षा नव्हतीच. त्यांना ‘दोन बाजू आहेत’ एवढे वाक्य पुरेसे होते. न्यायाधीशापुढे वादी-प्रतिवादी सारखे उभे असतात हे ठीक. परंतु न्यायाधीश साक्ष तपासतो, उलटतपासणी ऐकतो आणि निकाल देतो. वर्तमानपत्राने दोन्ही कैफियती शेजारी छापल्या आणि तपासणीचे काम टाळले, तर त्याला निःपक्षपात म्हणता येत नाही. एका हकीकतीमागे रात्री जाऊन पाहिलेले चार जण, जखमी, निर्वासित आणि बॉम्बची आवरणे होती. दुसरीमागे होता तो तीन दिवसांनी दाखवावयास नेलेला ढिगारा. हा फरक वाचकाच्या ध्यानात आणून देणे संपादकाचे काम होते.

राजकारण्यांनी या संशयाचे काय केले ते पाहा. कॉमन्स सभेत मजूर पक्षाच्या सभासदांनी प्रश्नांची झोड उठविली. परराष्ट्रमंत्री ईडन यांनी आंतरराष्ट्रीय चौकशीची कल्पना मांडली. जर्मनीने ती झिडकारली, आणि कल्पना तेथेच राहिली. लंडनच्या त्या समितीत जर्मनीचा वकील रिबेनट्रॉप बसलेला. तेव्हा गेर्निकाचे नाव घेऊन कोणास दोष देणारा ठराव होणे शक्यच नव्हते. अमेरिकेत सिनेटर बोरा यांनी कडक भाषण केले. पण १ मे रोजी, म्हणजे गेर्निका जळून आठवडाही झाला नसता, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी नव्या तटस्थता कायद्यावर सही केली होती आणि स्पेनला शस्त्रे न विकण्याचा निर्बंध कायम राहिला होता. ज्यांच्याकडे विमाने होती त्यांना हा निर्बंध जाचला नाही, हे सांगावयास नको.

तथापि बातमी अगदीच वाया गेली असे म्हणणे खरे होणार नाही. तिने दोन ठिकाणी काम केले. फ्रान्समधील कॅथलिकांत फूट पडली. फ्रांस्वा मोरियाक व जाक मारितँ यांच्यासारख्या नामवंतांनी बास्क लोकांच्या बाजूने जाहीर पत्रक काढले आणि ‘धर्मयुद्ध’ या शब्दाला घरातूनच आव्हान मिळाले. इंग्लंडात लोकमताचा रेटा इतका आला की, निर्वासित मुलांना आसरा देण्यास नाखूष असलेल्या सरकारने अखेर परवानगी दिली. अट एवढीच की सरकारी तिजोरीतून एक पैही खर्च होणार नाही. ‘हबाना’ नावाच्या जहाजाने सुमारे चार हजार मुले २३ मे रोजी साउदॅम्प्टनला उतरविली. वर्गण्या जमल्या, तंबू उभे राहिले. चार आठवड्यांच्या आत, १९ जूनला, बिल्बाओ पडले. पॅरिसच्या प्रदर्शनातील स्पॅनिश दालनासाठी पिकासोने काढलेले भव्य चित्र सर्वांस ठाऊक आहे. त्याची पहिली रेखाटने १ मेची आहेत. म्हणजे तेही वर्तमानपत्र वाचूनच सुचलेले.

आता एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे, कारण ती वगळली तर हा लेखही एका बाजूचे पत्रक होईल. प्रजासत्ताकाच्या मित्रांनीही खोट्याचा आश्रय केला. कोस्लर स्वतः त्या काळी कम्युनिस्ट प्रचारयंत्रणेत काम करीत होता. खातरजमा न झालेल्या अत्याचारकथा आपल्या पुस्तकात कशा घालविण्यात आल्या, हे त्याने पुढे आत्मचरित्रात सांगितले आहे. क्लॉड कॉकबर्न या इंग्रज पत्रकाराने तर १९३८ मध्ये पॅरिसमध्ये बसून मोरोक्कोतील तेतुआन शहरात फ्रँकोविरुद्ध बंड झाल्याची बातमी साफ बनविली. शहर त्याने कधी पाहिले नव्हते. प्रवाशांसाठी छापलेल्या पुस्तकातील नकाशावरून रस्त्यांची नावे घेऊन लढाई रंगविली. हेतू असा की, फ्रेंच सरकारला धीर येऊन सरहद्दीवर अडकलेली शस्त्रे सुटावी. पुढे त्याने हे सर्व मिष्कीलपणे लिहून ठेवले. आम्हांस मात्र त्यात हसण्यासारखे काही दिसत नाही. सरकारच्या हाती संशय हे हत्यार कोणी दिले, हे विचारताना सालामांकाबरोबर असल्या चतुर मित्रांचेही नाव घ्यावे लागते.

गेर्निकानंतर आठवडाभरातच बार्सेलोना येथे प्रजासत्ताकाच्या दोन गटांत रस्त्यावर गोळीबार झाला. जॉर्ज ऑर्वेल तेथे होता. लंडनला परतल्यावर डाव्या पत्रांत त्याने त्या दिवसांचे जे वर्णन वाचले ते त्याने पाहिलेल्याशी कोठेच जुळेना. त्याने आपली हकीकत ‘न्यू स्टेट्समन’ला दिली, तर प्रजासत्ताकाचे नुकसान होईल म्हणून संपादकाने ती नाकारली. या बाबतीत बास्कांचे वर्तन अधिक शहाणपणाचे होते. १९३७ च्या ४ जानेवारीस बिल्बाओवर बॉम्ब पडल्यावर पिसाळलेल्या जमावाने तुरुंग फोडून दोनशेच्या वर कैदी ठार केले होते, आणि रक्षणास पाठविलेले काही सैनिकच त्यात सामील झाले. कृत्य लाजिरवाणे होते. पण बास्क सरकारने ते झाकले नाही; परदेशी बातमीदारांना लिहू दिले व चौकशी लावली. एप्रिलमध्ये त्याच बातमीदारांनी गेर्निकाविषयी लिहिले तेव्हा त्यांच्या शब्दाला जो भाव मिळाला, त्यात या जानेवारीचाही वाटा होता असे आमचे मत आहे.

हिंदुस्थानात ही सर्व हकीकत बहुतांशी रॉयटरच्या तारांतून, म्हणजे लंडनमार्गे आली. आपल्या पत्रांना परदेशची दुसरी खिडकीच नव्हती. तरीही काहींनी प्रत्यक्ष पाहण्याची वाट धरली. १९३८ च्या जूनमध्ये पंडित नेहरू बार्सेलोनास गेले, तेथे रात्री पडणारे बॉम्ब त्यांनी ऐकले, आणि परतल्यावर ब्रिटिशांच्या तटस्थतेविषयी ते अधिक कडवटपणे बोलू लागले. नागपूरचे गोपाळ मुकुंद हुद्दार तर त्याच्याही पुढे गेले. इंग्लंडात शिकत असता ते ‘जॉन स्मिथ’ हे नाव घेऊन आंतरराष्ट्रीय पलटणीत दाखल झाले, १९३८ मध्ये फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले आणि कैदेतून सुटून परत आले.

फ्रँको १९३९ मध्ये जिंकला आणि गेर्निका ‘लाल’ लोकांनी जाळल्याचे असत्य सरकारी इतिहास झाले. १९४६ मध्ये न्यूरेंबर्ग येथील खटल्यात गोअरिंगने आपले तरुण विमानदळ कसास लावण्याची संधी स्पेनने दिली असे सांगितले. हल्ल्याची आखणी करणाऱ्या रिख्तोफेनची रोजनिशी पुढे उजेडात आली. तरी स्पेनमध्ये छापील नकार टिकून होता. १९७० मध्ये तेथील एका लेखकास, जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले, एवढे पुस्तकात लिहिता आले. फ्रँकोच्या मृत्यूच्या वर्षी, १९७५ मध्ये, हर्बर्ट साउथवर्थ या अमेरिकन संशोधकाचे पुस्तक पॅरिसला निघाले. त्याने केलेले काम कारकुनी म्हणावे इतके चिकाटीचे आहे: कोणती तार कोठून निघाली, कोणत्या आवृत्तीत कोणता शब्द गळला, कोणत्या बातमीदारासोबत कोणता अधिकारी होता. शेकडो पत्रांच्या फायली चाळून त्याने नकाराचा एकेक टाका उसवला. जर्मनीच्या राष्ट्राध्यक्षांनी, रोमान हेर्झोग यांनी, वाचलेल्या लोकांस पत्र लिहून आपल्या देशाची जबाबदारी मान्य केली ती १९९७ मध्ये, म्हणजे साठ वर्षांनी.

स्टियरला यांपैकी काहीच पाहावयास मिळाले नाही. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश सैन्यात होता आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर ध्वनिक्षेपक लावून जपानी शिपायांना शरण येण्याचे आवाहन करणाऱ्या हिंदी तुकड्या त्याने उभारल्या. प्रचाराचेच काम, फक्त शत्रूच्या तोंडावर उघडपणे केलेले. १९४४ च्या नाताळच्या दिवशी जीपच्या अपघातात तो मेला. तेव्हा त्याचे वय अवघे पस्तीस होते.

गेर्निकातील मृतांची संख्या मात्र वादातच राहिली. बास्क सरकारने १,६५४ हा आकडा दिला. पुढील अनेक संशोधक दीडशे ते तीनशे म्हणतात, तर काही जुन्या आकड्याकडे पुन्हा वळले आहेत. गाव शत्रूच्या हाती गेले, ढिगारे उपसताना मोजदाद कोणी ठेवली नाही. स्टियरने आपल्या पहिल्या तारेत आकडा दिलाच नव्हता. किती माणसे मेली हे अद्याप सांगता येत नाही, एवढेच त्याने लिहिले होते.